गालिच्याच्या काठावरचा निरोप

अमेरिकेतील रिव्हर हाइट्स या काल्पनिक गावी कार्सन ड्रू नावाच्या नामांकित वकिलाच्या घरी एके दिवशी एक पौर्वात्य गालिचा येऊन पोहोचतो. वकीलसाहेबांचा एक तुर्की अशील, गालिच्यांचा व्यापारी फारुख ताहमास्प, काही काळापूर्वी मागमूस न ठेवता नाहीसा झालेला आहे. वकिलांची अठरा वर्षांची कन्या नॅन्सी गालिच्याच्या काठावरची वेलबुट्टी न्याहाळू लागते आणि तिच्या ध्यानात येते, की ही नुसती नक्षी नव्हे. तिच्यात कोणीतरी निरोप विणला आहे.

'द मिस्टीरियस मॅनेक्विन' या किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या रहस्य कादंबरीचा हा आरंभ. सन १९७० मध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी नॅन्सी ड्रू मालिकेतील ४७ वी. मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव कॅरोलिन कीन असे आहे. या नावाची बाई या जगात कधीच नव्हती. पण तो विषय पुढे येईल.

कथेची उभारणी साधी आहे. नाहीशा झालेल्या व्यापाऱ्याचा शोध आणि त्याच्या दुकानातल्या, तितक्याच गूढपणे नाहीशा झालेल्या एका पुतळ्याचा शोध, असे दोन धागे एकत्र चालतात. निरोप उलगडत नॅन्सी आपल्या मित्रमैत्रिणींसह थेट इस्तंबूलला जाते. शेवट येथे सांगणे उचित नाही. घरातील एखाद्या मुलीने पुस्तक हाती घेतले तर तिचा आनंद हिरावला जाईल. मात्र व्यापारी कुटुंबातील वाचकाला या कथेत रहस्याच्या पलीकडचे काही दिसण्याजोगे आहे. दुकान सोडून निघून गेलेला व्यापारी म्हटले, की बाजार पहिला विचार कोणता करतो? पैसे बुडवले असतील, देणी थकली असतील, परागंदा झाला असेल. माणूस संकटात सापडला असेल ही शक्यता शेवटी सुचते, आणि तीही बहुधा घरच्यांनाच. नॅन्सी मात्र आरंभापासून एकाच प्रश्नाच्या मागे आहे: तो सुखरूप आहे का? पतीचा आणि पैशाचा हिशेब नंतर. या क्रमामुळे ही छोटीशी कादंबरी तिच्या वकुबापेक्षा मोठी वाटते.

गालिच्यात निरोप विणणे ही केवळ लेखिकेची कल्पनाभरारी समजण्याचे कारण नाही. हातमागावरील गालिचा म्हणजे वस्तुतः चौकटीचा आलेख. ताण्याच्या उभ्या दोऱ्यांवर लोकरीची एकेक गाठ मारायची, एक ओळ पुरी झाली की बाण्याचा आडवा दोरा घालून ती ठोकून बसवायची आणि पुढची ओळ धरायची. तुर्की पद्धतीची गाठ ताण्याच्या दोन दोऱ्यांना सारखीच वेढते. पश्चिम तुर्कस्तानातील गोर्देस गावावरून तिला नाव पडले आहे. प्रत्येक गाठ म्हणजे आलेखातील एक घर असल्यामुळे गोलाईदार आकार साधणे कठीण आणि कोनाकोनांचे आकार सोपे. त्यामुळे काठावरच्या कोनाकृती नक्षीत अक्षरे बेमालूम मिसळू शकतात. जुन्या गालिच्यांवर विणकराने आपले नाव किंवा साल विणून ठेवल्याची उदाहरणे आहेतच. अनातोलियाच्या खेड्यांतील विणकर स्त्रियांनी तर चिन्हांची एक भाषाच घडवली. कमरेवर हात ठेवलेल्या स्त्रीची आकृती मातृत्वाची खूण मानतात, मेंढ्याचे शिंग पौरुषाची, आणि दृष्ट लागू नये म्हणून डोळ्याचे चिन्ह. बोलून दाखवता येत नव्हते ते बायकांनी लोकरीत सांगितले.

सांकेतिक खुणांची ही रीत आपल्या बाजारपेठेला अपरिचित नाही. कापडाच्या तागाला लावलेल्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव आकड्यांत न लिहिता पेढीच्या ठरावीक अक्षरांत लिहावयाचा, म्हणजे गिऱ्हाइकासमोर चिठ्ठी वाचूनही त्याला काही कळू नये, ही युक्ती कित्येक दुकानांत आजही चालते. रुमालाखाली बोटे धरून सौदा करणारे दलालही वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असतील. नॅन्सीला जे कोडे वाटले, ते एखाद्या मुरलेल्या मुनीमजींनी कदाचित दुपारच्या चहापूर्वीच सोडवले असते!

कथेचा उत्तरार्ध ज्या नगरीत घडतो, तिच्या मध्यभागी व्यापाऱ्यांचे एक तीर्थक्षेत्रच उभे आहे. इस्तंबूलचा कापालीचार्शी, म्हणजे छताखालचा बाजार. सुलतान दुसरा मेहमेद याने शहर जिंकल्यावर अवघ्या काही वर्षांत, १४५५ च्या सुमारास, त्याचा पाया घातला. आज तेथे साठाहून अधिक गल्ल्या आणि सुमारे चार हजार दुकाने आहेत. एका धंद्याची एक गल्ली, ही आपल्याकडील जुन्या पेठांची रचना तेथेही दिसते; गल्ल्यांना नावेही धंद्यांची. मुख्य रस्त्याचे नाव टोप्या करणाऱ्यांवरून पडले, पण आज त्यावर सोन्याची दुकाने ओळीने उभी आहेत. धंदा बदलला, पाटी राहिली. बाजाराच्या गाभ्यात बेदेस्तेन नावाची जाड भिंतींची, लोखंडी दरवाजांची वास्तू आहे. जवाहीर, रेशीम असा मौल्यवान माल तेथे विकला जाई आणि शहरातले धनिक आपली चीजवस्तू तेथेच ठेवीत. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ती शहराची सेफ डिपॉझिट व्हॉल्टच होती. १८९४ च्या भूकंपात बाजाराची मोठी हानी झाली; तो पुन्हा उभारण्यात आला.

कादंबरीत या साऱ्याची ओळख घाईघाईने होते. प्रवासी पुस्तिकेतली माहिती पात्रांच्या तोंडी घालण्याची खोड या मालिकेला आहे, आणि परदेशातला संशयास्पद माणूस ओळखण्यास येथे फारसा वेळ लागत नाही. अमेरिकन चष्म्यातून पाहिलेले हे तुर्कस्तान आहे, हे विसरून चालणार नाही. शिवाय इतक्या जणांचा विमानप्रवास, हॉटेल, जेवणखाण यांचा खर्च कोणत्या खात्यातून निघाला हा प्रश्न एकाही पात्राला पडत नाही. जमाखर्च पाहण्याची सवय असलेल्या वाचकाला तो पहिल्या पानापासून पडतो.

प्रत्यक्षात परदेशी माणूस हरवला, तर गोष्ट इतक्या वेगाने सरत नाही. हिऱ्यांच्या, कापडाच्या, रसायनांच्या धंद्यानिमित्त अँटवर्प, हाँगकाँग, दुबई येथे ज्यांच्या घरची मुले असतात, त्यांनी ही बाजू जाणून घेतलेली बरी. पहिला आधार आपल्या देशाच्या वकिलातीचा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमान्वये परदेशी नागरिकाला अटक झाल्यास, त्याने मागणी केल्यावर, त्याच्या देशाच्या वकिलातीला विनाविलंब कळवणे यजमान देशावर बंधनकारक आहे. याच कलमाचा भंग झाला, असा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात पाकिस्तानविरुद्ध दिला. परदेशातील भारतीयांच्या तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ मध्ये 'मदद' नावाची ऑनलाइन व्यवस्था सुरू केली आहे. घरबसल्या तक्रार नोंदवून तिचा पाठपुरावा करता येतो. हरवलेल्या व्यक्तीसाठी इंटरपोलची पिवळी सूचना काढता येते. मात्र ती कोणा नातेवाइकाच्या पत्राने निघत नाही, देशाच्या अधिकृत यंत्रणेमार्फतच निघते, आणि भारतात ते काम केंद्रीय अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीबीआयकडे आहे.

आणि शोध लागलाच नाही तर? कादंबरीत हे पान नसते. व्यवहारात ते असते, आणि फार जड असते. ज्याची खबर मिळावयास हवी अशा आप्तांना सात वर्षे काहीच खबर मिळाली नाही, तर त्या व्यक्तीच्या मृत्यूचे अनुमान कायदा करू देतो. जुन्या भारतीय पुरावा कायद्याचे १०८ वे कलम ते हेच, आणि २०२३ च्या नव्या साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. बेपत्ता खातेदाराच्या ठेवींवर नामनिर्देशित व्यक्तीचा किंवा वारसांचा दावा याच तत्त्वाने चालतो: न्यायालयाकडून मृत्यूचे अनुमान मान्य करून घ्यावयाचे आणि मग बँकेने रक्कम द्यावयाची. लहान रकमांसाठी बँकांनी आपापली मर्यादा ठरवावी आणि पोलिसांतील फिर्याद, शोध न लागल्याचा अहवाल व हमीपत्र एवढ्यावर दावा निकाली काढावा, अशी मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे. कागद साधे आहेत. परंतु जो अर्ज भरावयाचा त्यात पतीच्या किंवा मुलाच्या नावापुढे काय लिहावयाचे, येथे हात थांबतो. कित्येक घरांतून सात वर्षे उलटूनही अर्ज येत नाही, कारण तो भरणे म्हणजे आशा सोडल्याची सही करणे. मुदत संपल्यावरही ती माणसे वाट पाहत असतात. अशा घरात नामनिर्देशन आधीच केलेले असणे, खात्यांची आणि विम्याची यादी पत्नीला ठाऊक असणे, याला किती मोल आहे ते वेगळे सांगावयास नको.

आता त्या नसलेल्या लेखिकेकडे वळू. नॅन्सी ड्रूची कथा जितकी रंजक, त्याहून तिच्या पेढीची कथा अधिक विचार करावयास लावणारी आहे.

एडवर्ड स्ट्रेटमेयर (१८६२ ते १९३०) हा अमेरिकन गृहस्थ मुलांच्या पुस्तकांचा कारखानदार होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मालिकेची कल्पना त्याची, प्रत्येक पुस्तकाचा दोन-तीन पानी आराखडा त्याचा. तो आराखडा एखाद्या होतकरू लेखकाकडे द्यावयाचा, त्याने महिन्याभरात पुस्तक लिहून द्यावयाचे, पेढीने ते तपासावयाचे आणि एका ठरावीक टोपणनावाखाली बाजारात आणावयाचे. किंमत पन्नास सेंट, म्हणजे पोराबाळांच्या खिशाला परवडेल अशी. नफा एकेका प्रतीवर नव्हे, खपावर. हार्डी बॉइज ही मुलांची मालिका १९२७ मध्ये त्यानेच सुरू केली. २८ एप्रिल १९३० रोजी नॅन्सी ड्रूची पहिली तीन पुस्तके ग्रॉसेट अँड डनलॅप या प्रकाशनसंस्थेने एकदमच विक्रीस आणली. त्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी स्ट्रेटमेयर निवर्तला.

मागे दोन मुली राहिल्या, हॅरिएट आणि एडना. हॅरिएट वेलस्ली महाविद्यालयाची १९१४ ची पदवीधर. तिला नोकरी करावयाची होती. वडिलांना ते रुचले नाही. फार तर घरी बसून हस्तलिखिते तपासावीत, इतकीच सवलत लग्नापर्यंत तिला मिळाली. पुस्तकांतल्या नॅन्सीला मोटार हाकत हवे तेथे जाऊ देणाऱ्या त्या गृहस्थाने स्वतःच्या मुलीला कचेरीची पायरी चढू दिली नव्हती. वडिलांच्या मृत्यूनंतर मुलींनी पेढी विकावयास काढली. पण तो जागतिक मंदीचा काळ, गिऱ्हाईक मिळेना. अखेर चार मुलांची आई असलेल्या हॅरिएटने बहिणीसह कारभार हाती घेतला आणि कचेरी न्यू यॉर्कहून घराजवळ, न्यू जर्सीतील ईस्ट ऑरेंज येथे हलवली. १९४२ मध्ये एडना कामातून बाजूला झाली. हॅरिएटने मात्र १९८२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ बावन्न वर्षे पेढी सांभाळली. धंदा वारशाने मिळाला हे खरे; परंतु तो तिला शिकवला कोणी नव्हता.

१९५९ पासून तिने जुनी पुस्तके नव्याने सिद्ध केली. पंचवीस प्रकरणांची वीस झाली, सोळा वर्षांची नॅन्सी अठरा वर्षांची झाली आणि कृष्णवर्णीयांविषयीची जुनी हिणकस चित्रणे काढून टाकण्यात आली. पुढे नव्या कादंबऱ्याही ती स्वतः लिहू लागली. गालिच्याची कथा तिचीच.

परंतु पहिल्या पुस्तकांचे काय? ती लिहिली होती मिल्ड्रेड वर्ट, पुढे मिल्ड्रेड बेन्सन, या आयोवातील तरुणीने. आयोवा विद्यापीठाची पत्रकारितेतील पदव्युत्तर पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री. पहिल्या तीस पुस्तकांपैकी तेवीस तिच्या हातची. मोबदला प्रत्येक पुस्तकामागे १२५ डॉलर, एकरकमी. रॉयल्टी नाही, नाव नाही, आणि आपण लेखिका आहोत हे कोठेही न सांगण्याचे लेखी वचन. मंदीत हा मोबदला ७५ डॉलरवर आणला तेव्हा तिने काही काळ काम नाकारले, आणि मधली तीन पुस्तके वॉल्टर कॅरिग नावाच्या लेखकाने लिहिली.

कायद्याच्या दृष्टीने यात गैर काही नव्हते. करार स्वच्छ होता, पैसे वेळेवर मिळाले होते, सही तिने स्वखुशीने केली होती. व्यापारात ठरलेल्या दरात माल घेतल्यावर पुढे भाव चढला म्हणून कोणी फरक मागत नाही. तरीही मन पूर्णपणे मान्य करीत नाही. मालाला चेहरा नसतो. नॅन्सीला होता, आणि तो मिल्ड्रेडने दिला होता. पेढीने आराखडा दिला, भांडवल घातले, जोखीम घेतली, हे सारे नफ्याचे न्याय्य धनी. पण पुढे हॅरिएट मुलाखतींतून सगळी पुस्तके आपणच लिहिल्याचे सांगू लागली, तेथे हिशेबाची वही चुकली. हक्क विकत घेता येतो. दुसऱ्याने केलेले काम आपण केले असे म्हणण्याची परवानगी कोणत्याही खरेदीखतात येत नाही.

हे उघडकीस आले तेही व्यापारी तंट्यातूनच. पेढीने १९७९ मध्ये जुन्या प्रकाशकाला सोडून सायमन अँड शुस्टरशी घरोबा केला. ग्रॉसेटने न्यायालयात धाव घेतली. १९८० मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयात मिल्ड्रेड साक्षीला उभी राहिली. जुना पत्रव्यवहार आणि करार पुढे आले आणि पन्नास वर्षे झाकलेले नाव जगाला कळले. निकालाने पहिल्या छपन्न पुस्तकांच्या मूळ आवृत्त्या ग्रॉसेटकडे राहिल्या आणि नवी पुस्तके दुसऱ्या प्रकाशकाला देण्याची मोकळीक पेढीला मिळाली. हॅरिएटच्या मृत्यूनंतर, १९८४ मध्ये, पेढीच सायमन अँड शुस्टरने विकत घेतली.

भारतात ही पुस्तके इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून, भाड्याने पुस्तके देणाऱ्या छोट्या वाचनालयांतून आणि रद्दीच्या दुकानांतून घरोघर पोहोचली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कित्येक गृहिणींनी, डॉक्टर-वकील झालेल्या भगिनींनी ती उन्हाळ्याच्या सुटीत वाचलेली आहेत. मराठीत भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आहे, आणि त्याच्या तोडीचा पोरगा दुसरा नाही. परंतु त्याच्या बरोबरीने नाव घ्यावे अशी शोधक मुलगी आपल्या बालवाङ्मयात सहजी आठवत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिली महिला न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर, त्यांच्यानंतरच्या रूथ बेडर गिन्सबर्ग आणि सोनिया सोटोमायोर, या तिघींनीही लहानपणीच्या नॅन्सी ड्रू वाचनाचा उल्लेख केलेला आहे. नॅन्सीचे वडील वकील आहेत, हा योगायोग येथे लक्षात घेण्याजोगा. ते मुलीला आपल्या कामातील कागद दाखवतात, तिचे मत विचारतात, आणि तिने चुकीचा तर्क केला तरी तिला गप्प बसवीत नाहीत. जेवणाच्या टेबलावर ज्या घरात धंद्याच्या गोष्टी मुलांसमोर होतात आणि मुली ताटे वाढीत असतात, तेथे हे प्रसंग मोठ्याने वाचून दाखवण्यास हरकत नाही.

मिल्ड्रेडने लेखनाबरोबर विमान चालवण्याचा परवाना मिळवला आणि ओहायोतील टोलेडो शहराच्या 'ब्लेड' या वृत्तपत्रात ती अखेरपर्यंत लिहीत राहिली. मे २००२ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, ती कचेरीत आपल्या टेबलाशी काम करीत असताना अस्वस्थ झाली आणि त्याच दिवशी तिचे निधन झाले. 'ब्लेड'मध्ये तिचा मजकूर तिच्या स्वतःच्या नावाने येत असे.